मुलीबद्दल चार चांगले शब्द

लग्नं जुळवणं हा माझा धंदा होता. धंदा म्हटलं की आमच्या विवाह मंडळातले लोक दुखावतात. ते सेवा म्हणतात. महिन्याच्या महिन्याला मानधन घ्यायचं, जमलेल्या लग्नात पहिल्या पंगतीला बसायचं आणि वर सेवा म्हणायचं, हे मला काही जमलं नाही. शंकर नगरातल्या एका सभागृहामागची खोली, एक टेबल, एक कुरकुरणारा कूलर आणि मी, एवढंच ते मंडळ. नवऱ्याची रेल्वेतली बदली रायपूरला झाली तेव्हा मी तिथे जाऊन बसले, ती थेट नात लग्नाची झाली तेव्हाच उठले. नातीचं नाव ईशा. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र हिंदीतून. ती मला बजावते, "आजी, मेरा बायोडाटा बनाया ना, तो मैं तुम्हारा बनाकर ग्रुप में डाल दूँगी. हाइट, रंग, सब लिखूँगी."

संपादकांनी गमतीदार अनुभव मागितले आहेत. गमती आहेत, सांगते. पण ज्यासाठी लिहायला बसले ते गमतीचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

बाहेरच्या माणसाला वाटतं लग्न जुळवणं म्हणजे फोटो आणि पत्रिका. ती वरची साल झाली. गाभा म्हणजे चौकशी. रायपुरात आपली माणसं दोन प्रकारची. काही भोसल्यांच्या काळात आले ते इथलेच झाले, आणि काही आमच्यासारखे, नोकरीच्या मागे विदर्भातून आलेले. घरं थोडी आणि विखुरलेली. मुलीला स्थळ आलं भिलाईचं, तर भिलाईत तुमचं कोण? मग ते काम माझं. मुलगा पितो का, आई खाष्ट आहे का, मोठी सून माहेरी का जाऊन बसली, हे सगळं काढून आणायचं, आणि त्यातलं किती कोणाला सांगायचं ते ठरवायचं. किती सांगायचं हेच अवघड. माणसाचा एक लहानसा दोष जसाच्या तसा सांगितला की ऐकणाऱ्याच्या घरी पोचेपर्यंत तो मोठा झालेला असतो.

तरुणपणी मी स्वतःला गुप्तहेर समजायची. लुना घेतली होती, काळा गॉगल घेतला होता. ज्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, चौकशी असेल तिथे दोन गल्ल्या अलीकडे लुना लावायची आणि पदर डोक्यावर घेऊन पायी जायची, कोणाला संशय नको म्हणून. आणि माझ्यापुढे पाऱ्यातली पोरं ओरडत पळायची, "शादी वाली काकी आई है!" मी मात्र किराणा दुकानात साखरेचा भाव विचारण्याचं नाटक करायची. एकदा दुकानदारानेच सांगितलं, "काकी, पांडे जी के बाजू वाले मराठी लोगों का पूछने आई हो ना? अच्छे लोग हैं. घी एक नंबर का ले जाते हैं." मी घरी येऊन गंभीरपणे अहवाल दिला की घराणं उत्तम आहे. तुपाचं कारण मात्र सांगितलं नाही. ते लग्न टिकलं, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. तूप चांगलं असावं.

हसते मी आता त्या गॉगलवालीला. पण तिच्या त्या बावळट पद्धतीत एक गोष्ट होती, जिची किंमत मला फार उशिरा कळली. चौकशी करायची तर समोर जाऊन बसावं लागायचं. कोणाच्या तरी ओसरीवर चहा प्यावा लागायचा. मी ज्याची माहिती काढायची त्याला संध्याकाळपर्यंत कळलेलं असायचं की शंकर नगरची ती गॉगलवाली येऊन गेली, अमक्याच्या मुलासाठी विचारत होती. विचारणाऱ्याचाही चेहरा दिसायचा. माहिती एका बाजूने यायची तशी दुसऱ्या बाजूने जायची.

पुढे मी सुधारले. सुधारले म्हणजे बायोडाटाचा नमुना मी तयार केला. आधी एक पान असायचं, मी दोन केली. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, रक्तगट, आईचं माहेरचं आडनाव, वडिलांचं ऑफिस, मुलीचं ऑफिस, घरचा पत्ता जवळच्या खुणेसकट, सगळ्यांचे मोबाइल नंबर, एक फोटो चेहऱ्याचा आणि एक उभा. मंडळाच्या वार्षिक सभेत माझं कौतुक झालं. "काकूंनी सिस्टिम बसवली," असं आमचे सचिव देशकरभाऊ म्हणाले. मी मान तिरकी करून संकोचल्यासारखं केलं. ईशाने पुढे कधीतरी तो नमुना पाहिला आणि म्हणाली, "आजी, बैंक वाले पासवर्ड भूलने पर जो पूछते हैं ना, वो सब तुमने एक ही कागज़ पर छाप दिया. ऊपर गणपति भी लगाया."

खरंच, वर गणपती होता.

कोरोनात वधू-वर मेळावे बंद झाले तेव्हा देशकरभाऊंनी मोबाइलवर ग्रुप काढला. देशकरभाऊ म्हणजे भला माणूस, वीज खात्यातून निवृत्त झालेला, कोणालाही नाही न म्हणणारा. ग्रुपमध्ये यायची लिंक त्यांनी सगळ्यांना वाटली, सगळ्यांनी ती पुढे वाटली. नागपूर, गोंदिया, अमरावती, पुणे, सगळीकडून माणसं आली. कोण आहेत ते विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. लग्नाच्या ग्रुपमध्ये लग्नाचीच माणसं येणार ना! रोज सकाळी सुविचार, मग बायोडाटे, मग कोणाच्या तरी मुलीच्या फोटोखाली जोडलेले हात, अंगठे आणि फुलं. मला खोलीत बसून आख्खा विदर्भ दिसायचा. मी फार खूश होते.

पहिली ठेच तेव्हाच लागायला हवी होती. भिलाईचे एक गृहस्थ फोन घेऊन आले. "काकू, हा फोटो पाहा. पोट्टा माझा आहे. पण नाव कोण्या डॉक्टरचं लिहिलं आहे." आमच्या बायोडाटातलाच फोटो, कुठल्याशा लग्नाच्या साइटवर दुसऱ्याच नावाने लावलेला. मी म्हटलं, "फोटो चांगला आहे तुमच्या मुलाचा, म्हणून तर चोरला." ते हसले, मीही हसले, चहा झाला. काही दिवसांनी त्या मुलाला दूरच्या एका गावातून एका मुलीचा फोन आला, नंबर तिला आमच्याच बायोडाटावरून मिळालेला. ती रडत होती. त्या डॉक्टरला तिने आपले नको ते फोटो पाठवले होते, आणि आता तो तिला ते दाखवून भीती घालत होता. मुलगा परोपरीने सांगत होता, "ताई, चेहरा माझा आहे, मी नाही." तिला ते खरं वाटेना. ज्या चेहऱ्यावर तिने विश्वास टाकला होता तोच चेहरा तिला नाही म्हणत होता. त्या मुलाने ती गोष्ट मला सांगितली तेव्हा मी हसले नाही. पण ग्रुपही बंद केला नाही. वाटलं, एखादा असा प्रसंग यायचाच.

मग मीनलचं झालं.

मीनल हे तिचं नाव नाही. आणखीही काही गोष्टी मी मुद्दाम बदलून लिहिल्या आहेत. कोणत्या ते विचारू नका. तिला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं, तिने दोन ओळी काढायला लावल्या, त्या काढल्या.

तिची आई सुनंदा, शाळेतून निवृत्त झालेली विधवा बाई, तेलीबांध्याच्या तलावाजवळ एका फ्लॅटमध्ये राहायची. मीनलचं लग्न दुसऱ्या शहरात झालं होतं, ते मी जुळवलेलं नव्हतं. नवरा मारायचा. रीतसर घटस्फोट झाला, तेव्हा कोर्टाच्या बाहेर तो तिला म्हणाला, "जाशील कुठे? पाहतो न मी." तिने नंबर बदलला, नोकरी बदलली, आईकडे आली. शहराबाहेरच्या नवा रायपूरला एका ऑफिसात लागली. दोनेक वर्षं काहीच झालं नाही. ती रात्री झोपायला लागली, असं सुनंदाने मला सांगितलं होतं.

मग सुनंदाच्या मनाने घेतलं की पोरीचं पुन्हा व्हावं. बायोडाटा घेऊन आली. मीनल मागे उभी.

मीनल म्हणाली, "काकू, फोटो नको. अन् पत्ता नको."

सुनंदा म्हणाली, "असं काहून करून राहिली बाई? आधीच घटस्फोट. त्यात लपवलं तर लोक म्हणतील, काहीतरी खोट आहे. आपल्याला तर दुप्पट खरं सांगावं लागते."

हे तिचं चुकलं नव्हतं. बाजार तसाच आहे. पहिल्या लग्नाच्या मुलीने अर्धं सांगितलं तर ती लाजाळू ठरते, घटस्फोटितेने अर्धं सांगितलं तर ती लबाड. मीनलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ऑफिसचं नाव गाळू, नुसतं नवा रायपूर लिहू." मला वाटलं मी फार मोठी सवलत दिली. फोटो-पत्त्यासकट बायोडाटा ग्रुपवर गेला.

महिनाभराने दुपारी मला एका बाईचा फोन आला. आवाज गोड, बोलणं आपल्याकडचं. "काकू, मी मुलाची मावशी बोलते, अमरावतीहून. तुमच्या ग्रुपवर मीनलचं स्थळ पाहिलं. आमच्याकडे पसंत आहे." मी खुशीत आले. बाई विचारू लागली. मुलगी ऑफिसला बसने जाते की गाडीने? सुटते किती वाजता? उतरते कुठे? सोबत कोणी असतं का? कारणही दिलं तिने: "मुलाचं म्हणणं आहे, आधी लांबूनच पाहीन. उगीच पोरीला दाखवायला बसवायचं नको." किती समजूतदार मुलगा, असं माझ्या मनात आलं सुद्धा.

पण माझ्या डोक्यात एक दुसरी बाई बसलेली असते, जन्मभर प्रश्न ऐकून कंटाळलेली. ती म्हणाली, अगं, हिने गोत्र विचारलं नाही. पत्रिका मागितली नाही. मामेकूळ नाही, उंची नाही, स्वयंपाक नाही. आणि सगळ्यांत मोठं, घटस्फोट का झाला हे विचारलं नाही. घटस्फोटाचं कारण न विचारणारी मावशी मी जन्मात पाहिली नाही. लोक नाव विचारायच्या आधी कारण विचारतात. ते न विचारणारं एकच माणूस असू शकतं, ज्याला ते ठाऊक आहे.

मी विचारलं, "मावशी, तुमचं माहेर कुठलं?"

ती थांबली. मग म्हणाली, "माहेर... हॅलो? आवाज नाही येत आहे," आणि फोन बंद.

मी विजयी मुद्रेने ईशाला हाक मारली. सगळं सांगितलं, गोत्रापासून. मला वाटलं पोरगी टाळ्या वाजवील. ती म्हणाली, "आजी, तुमने नहीं बताया. ठीक. पर ग्रुप में और भी तो लोग हैं. उनसे नहीं पूछा होगा?"

मी देशकरभाऊंना फोन लावला. "हव, आला होता न फोन," ते म्हणाले. "आधीच्या आठवड्यात. मी तर चांगलंच सांगितलं काकू! म्हटलं, पोट्टी एकदम साधी आहे. बसनेच येते-जाते, कोणाच्या गाडीवर बसत नाही. तेलीबांध्याला उतरली की सरळ घर. आमच्या सूनबाईला रोज दिसते."

मी सुनंदाच्या शेजारणीला फोन लावला. "अगं, मी तर तिची इतकी तारीफ केली! म्हटलं, सातच्या ठोक्याला घरात. संध्याकाळी मागच्या गल्लीने येते, पुढच्या रस्त्यावर पोट्टे उभे राहतात म्हणून. एकटीच असते बिचारी, पण नजर कशी खाली."

मी आणखी दोघांना विचारलं. सगळ्यांना फोन आला होता. सगळ्यांनी भरभरून सांगितलं होतं.

हे दुसऱ्या कोणाला समजणार नाही, आपल्याला समजेल. आपल्यात मुलीच्या चौकशीला कोणी आलं तर तिच्याबद्दल चार चांगले शब्द सांगणं हे पुण्य समजतात. भांडण असलेली शेजारीणही त्या दिवशी भांडण बाजूला ठेवते. आणि नुसतं "मुलगी चांगली आहे" म्हटलं तर कोण विश्वास ठेवतं? पुरावा द्यावा लागतो. किती वाजता येते, कुठून येते, कोणाबरोबर नसते. चांगुलपणाचा पुरावा म्हणून आपण मुलीचा सगळा दिवस उलगडून ठेवतो. ज्यांनी तो ठेवला त्यांत एकही वाईट माणूस नव्हता. नवा रायपूरहून येणाऱ्या बसगाड्या त्या मोजक्या. एकदा बस कळली की माणूस सापडलाच.

त्याच संध्याकाळी मी आणि ईशा ऑटो करून सुनंदाकडे गेलो. मीनल नुकतीच आली होती, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. मी कसंबसं सांगितलं. एक फोन आला होता, मला संशय आला, मी काही सांगितलं नाही.

ती म्हणाली, "तो परवा स्टॉपवर होता."

सुनंदाच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

"रस्त्याच्या त्या बाजूला उभा होता. काही केलं नाही. जवळ आला नाही. मला पाहून नुसता हात हलवला. ओळखीचं माणूस भेटलं की हलवतात न, तसा. हसला अन् गेला."

"तू मला काहून नाही सांगितलं?" सुनंदा म्हणाली.

"काय सांगू आई? त्याने हात हलवला म्हणून?" मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "काकू, त्याला कोणी सांगितलं?"

रागावली असती तर बरं झालं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणजे त्या एका माणसापासून सांभाळून राहता येईल. मी म्हटलं, "सगळ्यांनी सांगितलं गं. चांगलं सांगितलं तुझ्याबद्दल."

ती खुर्चीत बसली आणि चपला काढू लागली. एक निघाली, दुसरीचा बंद तिला सुटेना. ईशाने खाली बसून तो सोडवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसात गेलो. तिथल्या बाई अधिकारी नीट बोलल्या. तो फोननंबर, ग्रुपमधले निरोप, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवायला लावले, तक्रार लिहून घेतली, त्याला बोलावून समज दिली. तपासात कळलं की तो स्वतःच उपवर म्हणून दुसऱ्या नावाने आमच्या ग्रुपमध्ये होता, आणि फोन करणारी बाई खरोखरच त्याची मावशी होती. "समेट व्हावा म्हणून विचारत होते," असं तिचं म्हणणं. तिला तसं वाटतही असेल. भाच्याने तिला जे सांगितलं ते तिने केलं.

पुढचं काम बायोडाटा मागे घेण्याचं. मला वाटलं होतं, आपण टाकला, आपण काढू. देशकरभाऊंनी आमच्या ग्रुपमधून तो पुसला आणि हुश्श केलं. ईशाने समजावलं की आपल्या इथून पुसला म्हणून ज्यांनी आपल्या फोनात उतरवून घेतला, पुढे पाठवला, त्यांच्याकडची प्रत काही जात नाही. मग मी एकेका गावच्या ग्रुपवाल्याला फोन करत बसले. नागपूर, वर्धा, भंडारा. "मीनलचा बायोडाटा काढून टाका."

"काहून काकू? काही लफडं आहे का?"

काढा म्हटलं की माणूस आधी उघडून पाहतो, हे मला तेव्हा कळलं. जे कधी बघणार नव्हते त्यांनीही मोठा करून पाहिला. अमरावतीच्या एक बाई म्हणाल्या, "आत्ताच पाहिला, दिसायला तर चांगली आहे, मग काय झालं?" मी जितके फोन करत होते तितकी ती पोरगी पसरत होती.

शेवटी मी खोटं बोलले. सांगितलं, "जमलं तिचं." आमच्या धंद्यात बायोडाटा एकाच कारणाने मरतो. लग्न जमलं की त्या मुलीत कोणाला रस राहत नाही. लगेच सगळ्यांनी काढला. आणि मग सुरू झालं: अभिनंदन, फुलं, लाडू, नाचणारी चित्रं. सुनंदाला फोनावर फोन. आणि प्रत्येकाचा पुढचा प्रश्न, "कोणाशी जमलं? कुठे देऊन राहिले?" पुन्हा चौकशीच. सुनंदा रडायचं थांबून माझ्यावर खेकसली, "आता नवरा कुठून आणू मी? नाव काय सांगू त्याचं?" मी म्हटलं, "मुलाकडच्यांनी सांगू नका म्हटलं आहे, असं सांग." ते मात्र सगळ्यांना एकदम पटलं. मुलाकडच्यांनी काहीही म्हटलेलं आपल्याकडे पटतं.

त्याने पुन्हा काही केलं नाही. पण मीनलला बसमध्ये बसवेना. खिडकीजवळ बसली तर बाहेर पाहावं लागे, आतल्या बाजूला बसली तर स्टॉपवर कोण आहे ते दिसत नसे. एवढा हिशोब डोक्यात घेऊन रोज कोण नोकरी करील? तिने दुसऱ्या शहरात काम शोधलं आणि गेली. काही महिन्यांनी सुनंदाही फ्लॅट भाड्याने देऊन तिच्याकडे गेली. मीनल निघायच्या आदल्या दिवशी मला भेटायला आली होती. म्हणाली, "आईला एक सांगाल? तुमचं ऐकते ती. तिथे आल्यावर शेजारच्या बायांना माझी तारीफ नको करू म्हणा."

कुठे जाते ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे. ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षं लोकांचं कुठे, कोण, कसं हेच विचारून पोट भरलं, तिला दारात उभं राहून "सांभाळून जा" एवढंच म्हणायला काय पडलं असेल, ते माझं मला माहीत.

मंडळात मी नवे नियम केले. ग्रुपवर फोटो नाही, पत्ता नाही, नंबर नाही. नुसतं पहिलं नाव, वय, शिक्षण. ज्याला पुढे विचारायचं असेल त्याने खोलीत यावं, नाहीतर व्हिडिओवर तोंड दाखवावं, आणि आम्हाला माहीत असलेलं एक माणूस सोबत आणावं. कोणी विचारलं ते मुलीला त्याच दिवशी कळवायचं. लोक चिडले. "एवढं लपवायचं तर लग्न कशाला करता?" बरीच घरं दुसऱ्या ग्रुपांत गेली, जिथे अजून दोन पानी बायोडाटा चालतो. माझाच नमुना. गणपतीसकट. त्यांना कितीदा समजावलं, ऐकत नाहीत. देशकरभाऊ मात्र आता कोणाचाही फोन आला की घाबरून सांगतात, "मी कोणाला ओळखत नाही!" परवा त्यांनी स्वतःच्या साडूलाही असंच सांगितलं.

मीनलचा अधूनमधून फोन येतो, कधी ऑफिसातल्या कोणाच्या फोनवरून, कधी कुठल्या दुकानातून. काही महिन्यांपूर्वी आला तेव्हा ती जरा थांबून थांबून बोलत होती. मग म्हणाली, "काकू, इथे एक जण आहे. माझं मीच पाहिलं. तुम्ही चौकशी कराल का त्याची? नाव सांगते, गाव सांगते."

माझ्या हाताशी कागद होता. पेनही होतं. पहिल्या वेळी तिच्यासाठी चौकशी नीट झाली असती तर त्या माणसाच्या घरी ती गेलीच नसती, हेही मला ठाऊक होतं. आणि हेही ठाऊक होतं की मी विचारायला निघाले की ज्याला विचारीन तो मला विचारणार, "कोणासाठी विचारून राहिल्या?" एका फोनाचे चार होणार.

मी म्हटलं, "नाव नको सांगू. गावही नको. मी विचारत गेले तर माझ्या मागे मागे तुझं नाव येईल. तू सांग, तो तुला काय मागतो?"

"मागत नाही काही."

"मग तू त्याला एखादी गोष्ट नाही म्हणून पाहा. साधीच. पण नाही म्हण."

 मग म्हणाली, "परवा म्हणत होता, माझा फोन बंद आहे, तुझा दे, लॉक काय आहे. मी लगेच सांगणार होते. आधीचा तर... त्याच्याकडे माझे सगळे पासवर्ड असायचे काकू. नवरा-बायकोत काय लपवायचं, म्हणायचा. रोज रात्री वाचायचा बसून."

"आता याला सांगू नको. लॉक तू स्वतः उघड, नंबर लावून दे. पण आकडे सांगणार नाही म्हण. आणि त्याच्या तोंडाकडे पाहा. मी इथून ते पाहू शकत नाही, कोणीच पाहू शकत नाही. ही चौकशी तुलाच करावी लागेल."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, मी काय सांगून बसले. त्याचं तोंड पालटलं तर तिथे त्या दोघी मायलेकीच. पुढचे सगळे दिवस मोबाइल पदरात बांधल्यासारखा घेऊन फिरत होते. ईशा म्हणायची, "आजी, किसका फोन आने वाला है? बॉयफ्रेंड का?" मी हो म्हणायची.

एका रविवारी सकाळी आला, या वेळी घरून.

"काकू, मी नाही म्हटलं."

"मग?"

"मग काही नाही. बरं म्हणाला. अन् भाजी चिरत बसला."

तिच्या मागून भांड्यांचा आवाज येत होता, कुकरची शिट्टी झाली. मला शंभर प्रश्न होते. कोण, कुठला, आई-वडील आहेत का, आधीचं काही आहे का, भाजी चिरतो म्हणजे स्वयंपाक येतो का. सगळे गिळले. पण माझ्यासारख्या बाईला काहीच न विचारता फोन ठेवणं झेपणारं नव्हतं.

"कोणती भाजी गं?" मी विचारलं.

"दोडकं," ती म्हणाली, आणि हसली.

दोडक्यावरून गाव ओळखता येत नाही.